डोळ्यांदेखत : भावना, व्यक्तिभेद आणि प्रत्यक्षदर्शीची स्मृती



ज्या शाळेत मी शुद्धलेखनाच्या चुकांबद्दल छड्या खाल्ल्या, त्याच शाळेने मला आपल्या गुरुजींच्या स्मृतिदिनी व्याख्यान देण्यास बोलवावे, हा माझा सन्मान आहे. गुरुजी गणिताचे आणि मी जन्मभर शिकवली ती मराठी. त्यामुळे आज मी एखाद्या संतकवीवर किंवा बखरवाङ्मयावर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र विषय निवडला आहे तो साक्षीदाराच्या स्मरणशक्तीचा. मी मानसशास्त्रज्ञ नाही आणि कायदेपंडितही नाही. तरीही गेली वीस वर्षे मी हा विषय एखाद्या विद्यार्थ्याच्या चिकाटीने वाचत आलो आहे. याचे कारण याच शाळेच्या व्हरांड्यात घडले. ते प्रथम सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कोरडे वाटणार नाही.

१. व्हरांड्यातील साक्ष

१९६१ सालचा पावसाळा. मी सातवीत होतो. मधल्या सुटीत धो धो पाऊस लागला आणि मैदानावरची सारी मुले पाण्याच्या टाकीजवळच्या व्हरांड्यात दाटीवाटीने उभी राहिली. ढकलाढकली सुरू झाली. एवढ्यात एक किंकाळी उठली. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या भुवईवर कर्कटक लागले होते आणि त्याचा चेहरा रक्ताने भरला होता. मी त्याच्यापासून तीन-चार हातांवर होतो. शर्टावर ओघळणारे ते रक्त आजही मला दिसते.

देखरेखीवरचे शिक्षक धावत आले. त्यांनी मला दंडाला धरून विचारले, "कर्कटक त्याच्याच हातात होते ना?" 'तो' म्हणजे कोण, हे सांगावे लागले नाही. वर्गात सर्वांत उंच, सर्वांत खोडकर आणि नेहमी शिक्षा भोगणारा असा एकच मुलगा होता. मी म्हणालो, "हो सर." आणि म्हणताक्षणी मला ते दिसलेही. त्याचा वर उचललेला हात आणि त्यातले चकाकणारे टोक.

दोन दिवसांनी गुरुजींनी मला एकट्याला बोलावले. "बाळ, कर्कटक त्याच्या कोणत्या हातात होते रे?" मी ठामपणे सांगितले, "उजव्या." गुरुजी काही बोलले नाहीत. तो मुलगा डावखुरा होता, हे आम्हा सर्वांनाच ठाऊक होते. पण त्या क्षणी ते माझ्या ध्यानात आले नाही. गुरुजींनी वरिष्ठांकडे शब्द टाकला असे पुढे कळले. तोवर निर्णय झालेला होता. त्या मुलाचे नाव शाळेच्या पटावरून गेले, आणि त्याच्या वडिलांनी त्याला पुन्हा कोणत्याही शाळेत घातले नाही.

२००३ साली माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला. जेवणाच्या पंगतीत एका वर्गबंधूने, जणू जुन्या गमतीतली एक गंमत सांगावी तसे सांगितले की ते कर्कटक त्याचे होते. गर्दीच्या रेट्यात ते लागले आणि तो भीतीने गप्प राहिला. ज्याला शिक्षा झाली तो मुलगा त्या वेळी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता. माझ्या घशाखाली घास उतरेना. मी खोटे बोललो नव्हतो. मी जे पाहिले तेच सांगितले होते. मग मी पाहिले तरी काय होते?

२. साक्षी या शब्दापासून

माझ्या सवयीप्रमाणे मी आरंभ शब्दापासून केला. पाणिनीने 'साक्षी' हा शब्द 'साक्षात्' पासून सिद्ध केला आहे. साक्षी म्हणजे ज्याने स्वतः, प्रत्यक्ष पाहिले तो. आपल्याकडे कान आणि डोळे यांत चार बोटांचे अंतर सांगतात. ऐकीव गोष्ट दूरची आणि पाहिलेली गोष्ट खरी, असा त्याचा भाव. पण साक्षीदार न्यायासनापुढे उभा राहतो तेव्हा तो पाहत नसतो, आठवत असतो. पाहणे आणि सांगणे यांच्यामध्ये स्मृती नावाची एक लांब वाट असते.

आपल्या नैयायिकांनी हा भेद नीट ओळखला होता. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात ज्ञानाचे दोन भाग केले आहेत, स्मृती आणि अनुभव. स्मृती ही केवळ संस्कारातून उपजते. म्हणून न्यायपरंपरेने तिला 'प्रमा', म्हणजे यथार्थ अनुभव, या वर्गात स्थान दिले नाही.

धर्मशास्त्रकारांनीही साक्षीदाराच्या मनःस्थितीचा विचार केला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात साक्षीस अयोग्य ठरवलेल्यांची यादी आहे. तीत दुःखाने पीडलेला, मद्य घेतलेला, उन्मत्त, भुकेने वा तहानेने व्याकुळ, थकलेला, कामातुर आणि क्रुद्ध असे लोक येतात. ही यादी मी प्रथम वाचली तेव्हा चकित झालो. भावनेचा आवेग साक्ष बिघडवतो, हे निरीक्षण इतके जुने आहे. मात्र त्याच अध्यायात स्त्रियांची बुद्धी अस्थिर मानून त्यांच्या साक्षीला कमी लेखले आहे, आणि ते निरीक्षण नसून पूर्वग्रह आहे. साक्षीच्या अचूकतेत स्त्री-पुरुष असा भेद आधुनिक अभ्यासांना फारसा आढळलेला नाही. भावनेचा परिणाम खरा आहे. जातीवरून किंवा लिंगावरून माणूस अविश्वसनीय ठरवणे खोटे आहे. या दोहोंतली रेषा आपण सुटू देता कामा नये.

३. प्रयोगशाळेत आलेली साक्ष

या प्रश्नाचा प्रायोगिक अभ्यास विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात सुरू झाला. १९०२ च्या सुमारास बर्लिन विद्यापीठात फ्रान्झ फॉन लिझ्ट या दंडविधानाच्या प्राध्यापकांच्या वर्गात एकाएकी दोन विद्यार्थ्यांचे भांडण जुंपले. शब्दाला शब्द वाढला, एकाने पिस्तूल काढले, प्राध्यापक मध्ये पडले आणि बार उडाला. वर्गात हाहाकार झाला. मग प्राध्यापकांनी उलगडा केला की हे सारे आधी ठरवून केलेले नाटक होते. पाहणाऱ्यांनी काय पाहिले ते त्यांच्याकडून लिहवून व वदवून घेतले. सर्वांत कमी चुका करणाऱ्याच्या कथनातही शेकडा २६ विधाने चुकीची निघाली आणि सर्वांत अधिक चुका करणाऱ्याची शेकडा ८०. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की प्रसंगाचा उत्तरार्ध, म्हणजे ज्यात भीती आणि खळबळ अधिक होती तो भाग, सांगताना चुका वाढल्या होत्या.

हा वृत्तान्त जगभर पोहोचवला तो ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी. ते मूळचे जर्मन. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ते मानसशास्त्र शिकवीत. साक्षीदाराच्या मानसशास्त्रावरचे त्यांचे पुस्तक १९०८ साली निघाले. त्यात त्यांनी स्वतःचीच फजिती सांगितली आहे. ते कुटुंबासह बाहेरगावी असताना त्यांच्या घरी चोरी झाली. परतल्यावर त्यांनी घर पाहिले आणि पुढे शपथेवर साक्ष दिली. चोर तळघराच्या खिडकीतून शिरले असे त्यांनी सांगितले, तर प्रत्यक्षात दाराचे कुलूप तोडलेले होते. घड्याळ कागदात गुंडाळले होते असे सांगितले, ते निघाले मेजावरच्या वस्त्रात गुंडाळलेले. स्मृतीचा अभ्यास हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांची ही गत. मग बारा वर्षांच्या पोराची काय कथा!

१९३२ साली केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी स्मरणावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक कथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने ती आठवून लिहायला सांगितली. वाचकांनी कथेतील अपरिचित भाग गाळले आणि आपल्या संस्कृतीला पटतील असे बदल नकळत केले. बार्टलेट यांचा निष्कर्ष असा की आठवणे म्हणजे कपाटातून जपून ठेवलेली वस्तू काढणे नव्हे. आठवण दर वेळी नव्याने रचली जाते. बखरी शिकवताना मी विद्यार्थ्यांना हेच सांगत आलो होतो. बखरकार प्रसंग आठवतो, आणि आठवताना तो प्रसंग कसा घडायला हवा होता हेही त्यात मिसळते. मात्र हा नियम माझ्याच आयुष्याला लागू आहे, हे मला कळले नव्हते.

४. भावना काय करते

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. भीती, संताप, शोक यांनी स्मृती बळकट होते की दुबळी? सामान्य समजूत अशी की भयंकर प्रसंग मनावर कोरला जातो. कायद्याच्या बाजूने शंका अशी की घाबरलेला माणूस काय पाहणार? दोन्हींत अर्धे अर्धे सत्य आहे. म्हणून हा विषय सोपा नाही.

तीव्र भावनेत शरीर ॲड्रेनलिनसारखे स्राव सोडते आणि त्यांमुळे त्या प्रसंगाचा गाभा मेंदूत अधिक दृढ होतो. १९९४ साली अमेरिकेत लॅरी काहिल, जेम्स मॅकगॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही लोकांना या स्रावांचा परिणाम रोखणारे औषध देऊन एक हृदयद्रावक गोष्ट चित्रांसह दाखवली. आठवड्याने पाहता, इतरांना गोष्टीचा भावनामय भाग विशेष आठवत होता. औषध घेतलेल्यांना मात्र तो भाग इतर भागांहून विशेष आठवत नव्हता. म्हणजे भावनेने स्मृती बळकट होते ही समजूत निराधार नाही.

पण बळकट होते ती कशाची स्मृती? भावना अवधानाचा झोत अरुंद करते. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत एका जागी पडला की ती जागा लख्ख दिसते आणि बाकीची खोली अधिकच अंधारी होते. १९८७ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी उपाहारगृहातील एका प्रसंगाची चित्रे लोकांना दाखवली. काहींना गिऱ्हाईक गल्ल्यावर धनादेश देताना दिसला, तर काहींना तोच माणूस पिस्तूल रोखताना दिसला. पाहणाऱ्यांच्या नेत्रांच्या हालचाली मोजल्या तेव्हा दिसले की पिस्तुलावर दृष्टी अधिक वेळा आणि अधिक काळ खिळते, आणि पुढे माणसाचा चेहरा ओळखण्यात चुका वाढतात. मला रक्त आणि कर्कटकाचे टोक लख्ख आठवते. हात कोणाचा, हे त्या झोताच्या बाहेर राहिले होते.

प्रत्यक्ष भीतीचा प्रयोग माणसांवर करणे नीतीला धरून नाही. पण काही ठिकाणी भीती आयती सापडते. अमेरिकी सैनिकांना शत्रूच्या हाती सापडल्यास तग धरण्याचे शिक्षण देणाऱ्या शिबिरांत त्यांची कठोर उलटतपासणी होते. तेथे चार्ल्स मॉर्गन आणि सहकाऱ्यांनी पाचशेहून अधिक सैनिकांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक सैनिकाला एक दरडावणारा आणि एक सौम्य प्रश्नकर्ता भेटला होता. दोघेही समोरासमोर, पुरेशा उजेडात, बराच वेळ. तरीही माणसे समोर उभी करून ओळखपरेड घेतली तेव्हा दरडावणाऱ्याला बरोबर ओळखणाऱ्यांचे प्रमाण सौम्य माणसाच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर आले. जो चेहरा विसरता येणार नाही असे आपण म्हणतो, तोच धड दिसलेला नसतो.

याची दुसरी बाजू सांगणेही न्यायाचे आहे. कॅनडात भर रस्त्यावर, अनेकांच्या समोर, चोर आणि दुकानदार यांच्यात गोळीबार झाला आणि चोर ठार झाला. जॉन युल आणि ज्युडिथ कटशॉल यांनी त्यातील १३ साक्षीदारांना चार-पाच महिन्यांनी पुन्हा बोलते केले. त्यांचा अभ्यास १९८६ साली निघाला. त्या साक्षीदारांचे कथन बऱ्याच अंशी अचूक निघाले, आणि दिशाभूल करणाऱ्या प्रश्नांनाही ते बधले नाहीत. अधिक हादरलेल्यांची साक्षही वाईट नव्हती. परंतु ते घटनेच्या अधिक जवळ होते हेही खरे. तेव्हा 'भावनाविवश साक्षीदार खोटा' असा सोपा नियम करता येत नाही. घटनेचा गाभा बहुधा टिकतो. चेहरा, कपडे, वेळ, अंतर आणि क्रम मात्र डळमळतात.

आणखी एक सापळा आहे. भावनामय आठवणीबद्दल आपली खात्री फार असते. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झाले. दुसऱ्या दिवशी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले की ही बातमी त्यांना कुठे, कशी, कोणाकडून कळली. सुमारे अडीच-तीन वर्षांनी ४४ जणांना तेच प्रश्न विचारले. त्यांपैकी ११ जणांचे उत्तर पूर्णपणे चुकले. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी ती जुनी आठवण परत आली नाही. आठवण स्पष्ट आहे म्हणून ती खरी ठरत नाही.

५. माणूस माणसागणिक

एकाच भीतीचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. लंडनमध्ये पर्यटकांना घाबरवण्यासाठी उभारलेल्या एका भुताटकीच्या चक्रव्यूहात टिम व्हॅलेंटाइन आणि सहकाऱ्याने ५६ जणांना फिरवले. हा अभ्यास २००९ चा. आत भेटलेल्या भीतिदायक पात्राला नंतर छायाचित्रांतून ओळखायचे होते. ज्यांची घबराट कमी होती त्यांच्यापैकी शेकडा ७५ जणांनी त्याला बरोबर ओळखले. जे अधिक घाबरले होते त्यांच्यापैकी केवळ १७ टक्क्यांनी. जागा एक, अंधार एक, चेहरा एक. फरक पडला तो पाहणाऱ्याच्या काळजात.

वयाचा भेद आहे. लहान मुले आपणहून थोडे सांगतात, पण जे सांगतात ते बहुधा बरोबर असते. मात्र मोठ्या माणसाने सूचक प्रश्न वारंवार विचारले की ती त्याच्या मनातले उत्तर देऊ लागतात, आणि मग ते उत्तरच त्यांची आठवण बनते. वृद्धांना प्रसंग आठवतो, पण कुठे पाहिले आणि कोणाकडून ऐकले याची गल्लत होते. माझ्या वयाच्या श्रोत्यांनी हे मनाला लावून घेऊ नये, ही गल्लत कमीअधिक सर्वांचीच होते.

चेहरे ओळखण्याच्या शक्तीत तर जमीन-अस्मानाचा फरक असतो. काहींना स्वतःच्या आप्ताचा चेहराही ओळखता येत नाही, तर काही जण वर्षांपूर्वी क्षणभर पाहिलेला माणूस गर्दीत ओळखतात. हे दुसरे टोक शास्त्रज्ञांनी २००९ नंतर पद्धतशीर अभ्यासायला घेतले. शिवाय आपण ज्या लोकांत वाढलो त्यांचे चेहरे आपल्याला सहज वेगळे करता येतात. परक्या वंशाचे चेहरे सारखेच वाटतात. हा दोष दुजाभावाचाच असतो असे नाही, तो सवयीचाही आहे. पण त्याचे फळ निरपराध माणसाला भोगावे लागते.

काही माणसे दुसऱ्याच्या सूचनेला लवकर वश होतात. लंडनमधील गिस्ली गुडजॉनसन यांनी १९८४ साली ही सूचनवशता मोजण्याची एक कसोटी तयार केली. अधिकारी माणसासमोर आज्ञाधारक असलेले, चूक दाखवली की लगेच उत्तर बदलणारे लोक या कसोटीत उठून दिसतात. मी वर्गातला आज्ञाधारक मुलगा होतो. शिक्षकांना माझी साक्ष विश्वसनीय वाटली ती याच गुणामुळे, आणि ती बिघडली तीही याच गुणामुळे.

६. शब्दाचा धक्का

सूचक प्रश्न किती सूक्ष्म असू शकतो हे १९७४ सालच्या लॉफ्टस आणि पामर यांच्या प्रयोगात दिसते. मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखवून वेग विचारला. 'एकमेकींना लागल्या' अशा अर्थाचे क्रियापद वापरले तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे ३२ मैल आले. 'एकमेकींवर आदळून चुरा झाल्या' अशा अर्थाचे वापरले तेव्हा सुमारे ४१ मैल. आठवड्याने विचारले, 'फुटलेली काच पाहिलीत का?' चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. तरी जोरकस क्रियापद ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती. सौम्य क्रियापद ऐकलेल्यांपैकी केवळ ७ जणांना. भाषेच्या शिक्षकाला यापेक्षा अधिक काय हवे? एका क्रियापदाने काच फोडली. "त्याच्याच हातात होते ना?" या प्रश्नातल्या 'च' आणि 'ना' या दोन एकाक्षरी अव्ययांनी एका मुलाची शाळा सुटली.

उत्तरानंतर मिळणारी शाबासकीही निरुपद्रवी नाही. साक्षीदाराने कोणाला तरी ओळखल्यावर 'बरोबर, हाच संशयित आहे' असे नुसते म्हटले तरी त्याची खात्री वाढते. इतकेच नव्हे, आपण आरंभापासून निश्चित होतो, चेहरा नीट पाहिला होता, असेही त्याला वाटू लागते. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड यांनी हे १९९८ साली दाखवले. म्हणून साक्षीदाराची अगदी पहिल्या वेळची, कोणी काही सांगण्यापूर्वीची खात्री मोलाची असते. न्यायालयात महिन्या-वर्षांनी दिसणाऱ्या खात्रीचे मोल तेवढे नसते.

७. इतिहासाची आणि न्यायालयाची साक्ष

आपल्या इतिहासातील एक प्रसंग आठवावा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण पुण्यातील कित्येकांना ते पटले नाही. पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य पत्करले नाही. काही वर्षांनी भाऊसाहेब म्हणवणारा एक जण प्रकट झाला. तो कैदेत पडला, १७७६ साली मोकळा होऊन कोकणात मोठे बंड उभारले, आणि अखेर पकडला जाऊन पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाने हा विषय मराठी रंगभूमीवर आणला. त्याच्यामागे गेलेल्यांत स्वार्थी लोक होते हे खरे. पण ज्यांनी मनापासून त्याला भाऊसाहेब मानले, त्यांना लबाड म्हणणे मला पटत नाही. ज्या घरातला माणूस पानिपताहून परतला नाही, त्या घराच्या डोळ्यांत आशा होती. आशाही भावनाच आहे, आणि तीही चेहरे ओळखते.

इंग्लंडमध्ये अडॉल्फ बेक या माणसाला अनेक स्त्रियांनी आपल्याला फसवणारा म्हणून ओळखले. १८९६ साली तो दोषी ठरला. सुटल्यावर १९०४ साली पुन्हा तेच घडले. मग खरा गुन्हेगार सापडला. फसवल्या गेलेल्या त्या स्त्रिया खोटे बोलत नव्हत्या. त्यांचा संताप खरा होता, बोट मात्र चुकीच्या माणसाकडे होते. या प्रकरणाने जनमत ढवळले आणि १९०७ च्या कायद्याने तेथे फौजदारी अपील न्यायालय आले. पुढे अमेरिकेत डीएनए चाचणीने निरपराध ठरलेल्या शेकडो कैद्यांची प्रकरणे तपासली, तेव्हा त्यांतील निम्म्याहून कितीतरी अधिक प्रकरणांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर जे शहाणपण दाखवले, त्याचा आपल्या गुजरातशी संबंध आहे. भरवाडा भोगीनभाई हिरजीभाई विरुद्ध गुजरात राज्य या १९८३ च्या निवाड्यात न्यायमूर्ती ठक्कर यांनी साक्षीदाराच्या मनाचे जे वर्णन केले, ते कोणत्याही मानसशास्त्रज्ञाने मान्य करावे असे आहे. त्याचा आशय असा. साक्षीदाराकडून छायाचित्रासारख्या स्मृतीची अपेक्षा करू नये. प्रसंग अकस्मात घडतो, मन तपशील टिपायला सज्ज नसते. एकाला जे दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही. वेळ आणि कालावधी लोक अंदाजानेच सांगतात. न्यायालयाच्या दडपणाने आणि उलटतपासणीने सच्चा माणूसही गोंधळतो. म्हणून किरकोळ विसंगतींवरून मूळ साक्ष फेकून देऊ नये. त्या प्रकरणात अत्याचार झालेल्या मुलींची साक्ष न्यायालयाने मान्य केली आणि दोषसिद्धी कायम ठेवली.

हे मी मुद्दाम सांगतो. स्मृतीच्या उणिवा दाखवणारे हे शास्त्र पीडितांना खोटे पाडण्यासाठी वापरले जाण्याचा धोका आहे. घटना घडली का, हा एक प्रश्न. ती कोणी केली आणि त्याला पूर्वी कधीही न पाहिलेल्या साक्षीदाराने कसे ओळखले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात तपशिलाची विसंगती बहुधा क्षम्य आहे. दुसऱ्यात साक्षीदाराची खात्रीसुद्धा पुरेशी नाही. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या पुरावा कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्यातही पूर्वीप्रमाणेच एखादी गोष्ट सिद्ध करायला साक्षीदारांची ठराविक संख्या लागत नाही. एका साक्षीदाराच्या शब्दावरही माणूस दोषी ठरू शकतो. म्हणून तो एक शब्द कसा मिळवला, याला फार महत्त्व आहे. ओळखपरेड लवकर व्हावी आणि तीपूर्वी साक्षीदाराला संशयित दिसू नये, हा आग्रह याचसाठी असतो.

८. शाळेसाठी चार गोष्टी

आपण न्यायालयात नाही. पण प्रत्येक शाळेत आणि प्रत्येक घरात दररोज छोटे खटले चालतात. एडवर्ड गाइसेलमन आणि रोनाल्ड फिशर यांनी १९८० नंतरच्या दशकात साक्षीदाराला बोलते करण्याची जी रीत घडवली, तिच्यातील आणि वरच्या प्रयोगांतील सार शिक्षकांपुढे ठेवतो. पहिली गोष्ट, मुलांना एकमेकांशी चर्चा करू देण्यापूर्वी वेगवेगळे बोलते करा. दुसरी, नाव तुम्ही घेऊ नका. 'काय झाले ते पहिल्यापासून सांग' एवढेच म्हणा आणि मध्ये बोलू नका. त्या जागी, त्या वेळेला मनाने परत जायला सांगा. तिसरी, 'आठवत नाही' या उत्तराचा मान ठेवा, ते प्रामाणिक उत्तर आहे. चौथी, उत्तर आवडले तरी शाबासकी देऊ नका आणि ते त्याच वेळी जसेच्या तसे लिहून ठेवा.

गुरुजींनी मला विचारले होते, "कोणत्या हातात?" त्या प्रश्नात उत्तर दडलेले नव्हते. ते गणिताचे शिक्षक होते. उत्तर बरोबर दिसले तरी ताळा करून पाहायचा, ही त्यांची शिस्त. त्या शाळेत त्या दिवशी एकट्या त्यांनीच ताळा केला.

९. शेवटचा हिशेब

२००४ साली मी त्या वर्गबंधूचे घर शोधून काढले. तो गिरणीतून निवृत्त झाला होता. मी सारे सांगितले, क्षमा मागितली. त्याने माझ्यापुढे चहाचा कप सरकवला आणि म्हणाला, "तू खोटे बोलत नाहीस हे मला तेव्हाच दिसत होते. म्हणून तर मला काही बोलता आले नाही. खोटारड्याशी भांडता येते रे." आज तो हयात नाही. त्याचे नाव मी घेत नाही. तो अधिकार मी बाराव्या वर्षीच गमावला. पण ज्यांनी त्या वेळी त्या मुलाबद्दल काही ऐकले असेल, असे माजी विद्यार्थी या सभागृहात असतील. त्यांना मी आज, याच शाळेत, पुन्हा साक्ष देतो की त्याने काही केले नव्हते.

आणि तरीही, श्रोतेहो, आपल्याला खरे सांगायचे तर डोळे मिटले की मला अजूनही दिसतो त्याचाच हात, उजवा हात, आणि त्यातले ते चकाकणारे टोक. ते चित्र खोटे आहे हे मला ठाऊक आहे, पण ठाऊक असल्याने ते पुसले जात नाही. म्हणून माझी आपल्याला एवढीच विनंती की 'मी माझ्या डोळ्यांनी पाहिले' असे कोणी म्हणाले तर त्याचा अनादर करू नका. आणि ते आपणच म्हणणार असलो, तर एकदा ताळा करून पाहू या.